ठिपके मोजणाऱ्यांचा वाद

गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पार्किंग आणि पाण्याचा टँकर सोडून तिसऱ्याच विषयावर भांडण जुंपलं. २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता. बी विंगमधल्या चौघांनी दसरा-दिवाळीत फोर-के, म्हणजे पडद्यावर फुल एचडीच्या चौपट ठिपके (पिक्सेल) असलेले टीव्ही आणले, भिंतीवर लावल्याचे फोटो टाकले आणि ‘आता तरी तो जुना डबा काढा’ असं बाकीच्यांना सुनावलं. भाऊबीज होऊन चार-पाच दिवस जातात न जातात तोच केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधनाची बातमी आली : साधारण आकाराच्या बैठकीत ४४ इंची टीव्ही बघताना फोर-के किंवा एट-केमुळे पदरात जास्तीचं काही पडत नाही. झालं, जुना डबा सांभाळून बसलेल्यांच्या हाती ब्रह्मास्त्रच आलं. ‘बघा, डोळ्याला फरक कळतच नाही. पैसे पाण्यात!’ नवा टीव्हीवाले म्हणाले, तुमचे डोळे तपासून घ्या. पुढे दोन दिवस हेच चाललं.

मला गंमत वाटली ती याची, की दोन्ही पक्ष एकच चूक करत होते. दोघंही ठिपके मोजत होते. एकाला ते जास्त हवे होते, दुसऱ्याला ते फुकट वाटत होते, पण टीव्हीचा चांगलेपणा ठिपक्यांवरच ठरतो हे दोघांनीही मुकाट्याने मान्य केलेलं. माझं मत आधीच सांगून टाकते. चालता टीव्ही केवळ फोर-के नाही म्हणून बदलू नये. बिघडला, किंवा तुम्हाला खरोखरच मोठा पडदा हवा असला, तर फोर-केच घ्यावा, त्यात फार विचार करण्यासारखंही काही नाही. मात्र न बदलण्याचं कारण ‘डोळ्याला कळत नाही’ हे नव्हे. कारण असं, की आपल्या घरात चित्र जिथे बिघडतं ती जागा पडद्यावरच्या ठिपक्यांची नाहीच.

आधी ते ब्रह्मास्त्र तपासू, कारण ते नाचवणाऱ्यांनी बातमीच्या मथळ्याखाली वाचलेलं दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ‘६/६’ म्हणतात तो डोळा एका अंशाच्या कोनात साधारण ६० ठिपके वेगळे ओळखतो, असा जुना हिशेब आहे. केंब्रिजच्या मंडळींना हा आकडा काळ्या-पांढऱ्या बारकाव्यांसाठी ९४ सापडला. म्हणजे डोळा आपण समजत होतो त्याहून तीक्ष्ण निघाला! ‘डोळ्याला कळत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी ही तशी अडचणीची बातमी. आता आपल्या हॉलचं माप घेऊ. त्या संशोधनात ब्रिटनमधल्या घरात सोफा ते टीव्ही अडीच मीटर, म्हणजे सव्वाआठ फूट अंतर धरलंय. आमच्या वन बीएचकेत मी टेप लावून पाहिलं, तेवढंच भरलं. साहेबाची बैठक आणि ठाणे जिल्ह्यातला हॉल एका मापाचे निघाले म्हणून उगीचच बरं वाटलं. या अंतरावरून ४३ इंची फुल एचडी टीव्ही एका अंशात ८८ ठिपके दाखवतो. डोळ्याची मर्यादा ९४. फरक आहे, पण तो दिसायला डोळ्यांपेक्षा हट्ट जास्त लागेल. पडदा ५५ इंची केला की तीच फुल एचडी ६९ वर येते आणि तिथे फोर-केचा उपयोग कुणालाही दिसेल. उलट ३२ इंची फुल एचडी त्याच सोफ्यावरून ११८ च्या घरात जाते, तिथे फोर-के लावणं म्हणजे गच्च भरलेल्या पिशवीत आणखी चार कोथिंबिरीच्या जुड्या कोंबणं. अंतर आणि इंच न सांगता फोर-के चांगला की वाईट हा वाद घालणं म्हणजे चष्म्याचा नंबर मोठा चांगला की लहान, असं विचारणं.

तेव्हा पहिला मुद्दा नवा टीव्हीवाल्यांना देऊन टाकते : मोठा पडदा, जवळचा सोफा आणि तरुण डोळे असतील तर फोर-केचा फरक खरा आहे. टीव्हीला लॅपटॉप जोडून चार फुटांवरून अभ्यास करणाऱ्या मुलांना अक्षरं जास्त रेखीव दिसतात, तेही खरं. आणि आज ४३ इंचांच्या वर दुकानात जे मांडलेलं असतं ते बहुतेक फोर-केच असतं, त्यामुळे नवीन घेताना हट्टाने फुल एचडी शोधण्यात शहाणपणा नाही.

पण पडद्यावर येतं काय? बी विंगमधल्याच एका घरी हळदीकुंकवाला गेले होते. नवाकोरा ५५ इंची टीव्ही, अजून कडेचं प्लॅस्टिक निघायचं होतं. संध्याकाळची मराठी मालिका चालू होती, सासू सुनेला बोलत होती, आणि सुनेच्या नाकात नथ होती की माशी बसली होती हे मला सांगता येत नव्हतं. चेहरे मेण थापल्यासारखे. पैठणीच्या काठावरचे मोर विरघळून पिवळा पट्टा झालेला. त्या घरच्या वहिनी हळूच म्हणाल्या, ‘‘आमच्या जुन्या टीव्हीवर बरं दिसायचं हो.’’ त्यांना वाटत होतं चूक आपल्याच डोळ्यांची. चूक हिशेबात होती. त्यांच्या डीटीएचच्या पॅकेजमध्ये ती वाहिनी साधी, म्हणजे एसडी होती. एसडी चित्रात फार तर ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके असतात. फोर-के पडद्यावर असतात ८२,९४,४००. भागून पाहा, बरोबर वीसपट येतं. प्रत्येक खऱ्या ठिपक्यामागे एकोणीस ठिपके टीव्हीने आपल्या मनाने भरलेले. पाहुणे वाढले म्हणून एका वाटी आमटीत एकोणीस वाट्या पाणी घातलं तर ती भांडंभर होईल, पण तिला आमटी कोण म्हणेल? जुन्या ३२ इंची पडद्यावर हे पाणी कमी होतं, म्हणून चव बरी लागत होती. महिन्याला एखाद्या वडापावाचे पैसे जास्त मोजून तीच वाहिनी एचडीत घेता येते. टीव्हीसाठी चाळीस हजार मोजणाऱ्या घराला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्या सांगण्यात कुणाचाच गल्ला भरत नाही.

इथे माझ्या धाकट्या दिरांचं म्हणणं असतं, आणि ते वजनदार आहे : ‘‘वहिनी, प्रत्येक वेळी लोक हेच बोलले. रंगीत टीव्ही आला तेव्हाही म्हणालेच असतील, काळ्या-पांढऱ्यात काय वाईट आहे?’’ म्हणाले होते, मला आठवतंय. मुंबई दूरदर्शन १९७२ साली २ ऑक्टोबरला सुरू झालं आणि रंग आले १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी. आमच्या चाळीतले एक आजोबा ‘रंगाने डोळे जातात’ असं ठामपणे सांगायचे, आणि रविवारी सगळ्यांच्या आधी रंगीत टीव्हीवाल्यांच्या दारात चप्पल काढायचे. मग आज मी त्या आजोबांच्या जागी आहे का?

तसं मला वाटत नाही, आणि त्याची दोन कारणं आहेत. रंगाने चित्रात अशी गोष्ट आली जी आधी नव्हतीच. हॉकीच्या सामन्यात कुठला संघ कुठला हे ओळखण्यासाठी समालोचकाचा आधार लागेनासा झाला. एसडीहून एचडीकडे जातानाही असंच झालं : सोफ्यावरून धावफलक वाचता यायला लागला. फुल एचडीहून फोर-केकडे जाताना मिळतं ते आहे त्याचंच थोडं जास्त, तेही पडदा मोठा असेल तर. दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. १९८२ मध्ये आधी प्रक्षेपण बदललं, मग घरातले संच. दूरदर्शनने रंग पाठवले म्हणून लोकांनी रंगीत टीव्ही घेतले. फोर-केत गाडं उलटं आहे. २०१५ च्या क्रिकेट विश्वचषकाचे काही सामने डीटीएचवर फोर-केमध्ये दाखवले गेले, तेव्हा वाटलं होतं की आता ओघ सुरू झाला. त्याला दहा वर्षं होऊन गेली, आणि आपल्या रोजच्या बघण्यातली एकही मराठी वाहिनी फोर-केमध्ये येत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? इथे पोहरा चांदीचा करून झाला, आड तसाच आहे.

शिवाय प्रत्येक नवी गोष्ट जिंकतेच असंही इतिहास सांगत नाही. २०१० च्या सुमारास थ्रीडी टीव्ही असेच वाजतगाजत आले, सोबत चष्मे. २०१७ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी ते बनवणं सोडून दिलं, चष्मे आमच्या नणंदेच्या शोकेसमध्ये अजून आहेत. आवाजाच्या जगात तर हे अनेकदा घडलं. कॅसेटचा आवाज एलपीपेक्षा कमअस्सल, मागे सतत ‘स्स्स’ चालू. तरी अभंग, भावगीतं, गणपतीच्या आरत्या घराघरांत आणि एसटी स्टँडवरच्या टपरीपर्यंत पोहोचवल्या त्या कॅसेटनेच. पुढे सीडीहून सरस आवाज देणारी सुपर ऑडिओ सीडी १९९९ मध्ये आली, नेमकं तेव्हाच जग सीडीहून निकृष्ट एमपीथ्री गोळा करायला लागलं होतं. बारकाव्यांची पायरी एकदा पुरेशी झाली की लोक पुढची पायरी चढत नाहीत, सोय बघतात. यात त्यांची अभिरुची खालावली असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. कानांनी आपला हिशेब केलेला असतो.

एक मुद्दा मात्र मी मनापासून फोर-केच्या पदरात टाकते, आणि तो दुकानदार कधीच सांगत नाहीत. सेल्युलॉइडवर काढलेल्या जुन्या चित्रपटांत एचडीहून बराच जास्त तपशील दडलेला असतो. ३५ मिलिमीटरच्या चांगल्या निगेटिव्हवरून काढलेली फोर-के प्रत बघताना पन्नास वर्षांपूर्वीच्या चेहऱ्यावरचा घाम दिसतो. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केलेला १९७६ चा ‘मंथन’ फोर-केत नव्याने सिद्ध झाला आणि २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. उलट त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी व्हिडिओ टेपवर काढलेल्या मालिका जेवढ्या होत्या तेवढ्याच राहणार, टीव्ही कितीही भारी आणा. नवं ते धूसर आणि जुनं ते लख्ख असा हा उफराटा न्याय आहे. पण त्यालाही मूळ निगेटिव्ह शिल्लक असावी लागते. पुण्याच्या फिल्म संग्रहालयातल्या नायट्रेट रिळांना २००३ च्या जानेवारीत आग लागली, तीत ‘प्रभात’च्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह गेल्या. आता ज्या कुठल्या प्रतींवरून ते चित्रपट आपण पाहू, त्यांच्यात जे उरलंय तेवढंच दिसेल. जुने चित्रपट असे जीव लावून बघणारं घर असेल तर त्याने फोर-के जरूर घ्यावा. माझ्या ओळखीत अशी दोन घरं आहेत.

बाकीच्यांना फोर-के कुठे दिसणार? ओटीटीवर. तिथेही नेटफ्लिक्सला फोर-के हवं तर सध्या महिन्याला ६४९ रुपयांची योजना लागते, ४९९ च्या योजनेत फुल एचडीवर गाडी थांबते. घरात १५ एमबीपीएसचा अखंड वेग लागतो. रात्री नऊला सगळी बिल्डिंग नेटवर बसली की तो वेग कुठे जातो हे ज्याने त्याने आपल्या राउटरला विचारावं. क्रिकेट फोर-केत दिसतं, आयपीएल काही वर्षं तसं येतंय. पण चेंडूचं गणित करून पाहा. ताशी १४० किलोमीटरने टाकलेला चेंडू सेकंदाच्या पन्नासाव्या भागात जवळजवळ ७८ सेंटिमीटर पुढे जातो, आणि आपल्याकडे प्रक्षेपण सेकंदाला पन्नास चित्रांचं. एका चित्रात चेंडू इथे, पुढच्या चित्रात पाऊण मीटर पलीकडे. मधला चेंडू तुमच्या ठिपक्यांत नाहीच. तो दिसायला हवा असेल तर चित्रं जास्त हवीत, ठिपके नव्हेत.

आम्हीही दुकानात गेलो होतो, नाही असं नाही. तिथल्या भिंतीवर चाळीस टीव्ही, चाळीसही पडद्यांवर तेच पोपट, तेच कापलेलं संत्रं, तोच धबधबा. प्रत्येक संच भगभगीत ‘शोरूम’ मोडवर. मी प्रश्न विचारायचे आणि सेल्समन उत्तर यांना द्यायचा. मी म्हटलं, ‘‘दादा, एखादी मराठी बातम्यांची वाहिनी लावून दाखवा ना.’’ तो यांच्याकडे बघून म्हणाला, ‘‘सर, इथं केबलचं कनेक्शन नाहीये.’’ चाळीस टीव्हींच्या दुकानात टीव्ही लागत नव्हता! पोपट मात्र सुंदर होते, पंखावरचा केस न् केस मोजून घ्यावा. खोक्यावर ठिपक्यांची संख्या ठळक छापता येते, कारण ती मोजता येते आणि शेजारच्या खोक्यापेक्षा चौपट आहे असं सांगता येतं. काळा रंग किती काळा आहे, दुपारच्या उजेडात चित्र टिकतं का, आवाज पोकळ आहे का, यांचा एक आकडा होत नाही, आणि झाला तरी तो दुकानाच्या उजेडात तपासता येत नाही. मोबाइलच्या मेगापिक्सेलचं हेच झालं, पूर्वी टेपरेकॉर्डरच्या वॉट्सचंही.

आमच्या घरात चित्र बिघडतं ते चार वाजता. बाल्कनी पश्चिमेला, ऊन सरळ पडद्यावर. स्वस्तातल्या फोर-के टीव्हीवर ‘एचडीआर’ हे अक्षर कोरलेलं असतं, पण ज्या झगझगीत उजेडासाठी ते तंत्र जन्माला आलं तेवढा उजेड त्या पडद्याला पेलतच नाही. त्यापेक्षा चांगल्या प्रतीचा, खोल काळा दाखवणारा फुल एचडी पडदा डोळ्याला सुखावतो, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिलेलं कुणीही सांगेल. आणि सासूबाईंची तक्रार तर चित्राची नव्हतीच. त्या म्हणायच्या, ‘‘दिसतं गं सगळं, बोलतात काय ते कळत नाही.’’ टीव्ही जसजसे पातळ झाले तसतसे स्पीकर मागच्या बाजूला जाऊन भिंतीशी पुटपुटायला लागले. गेल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढून घरी आणलं, संध्याकाळी टीव्ही लावला, तर म्हणाल्या, ‘‘नवा कधी आणलात?’’ मोतीबिंदूने सगळ्यावर पिवळट पडदा धरलेला असतो, तो निघाला की पांढरं पहिल्यांदा पांढरं दिसतं. संच आमचा २०१६ चाच, ४० इंची फुल एचडी.

ज्यांना यात साधेपणाची शिकवण ऐकू येतेय त्यांच्यापासूनही मला चार हात लांब राहायचंय. ग्रुपवर काहींनी ‘हा सगळा दिखाऊपणा’ असंही लिहिलं होतं. का बरं? दिवसभर लोकलमध्ये चेंगरून आलेल्या माणसाने रात्री मोठ्या पडद्यावर सामना बघितला तर त्यात कुणाच्या बापाचं काय गेलं? हौसेला मोल नसतं. फक्त हौसेला हौस म्हणावं, तिला डोळ्यांची गरज म्हणू नये, आणि चालता संच भंगारवाल्याला घालताना ‘तंत्रज्ञानच जुनं झालं’ असं कारण देऊ नये. पडदा दहा वर्षं सहज चालतो, जुना होतो तो आतला सॉफ्टवेअरचा भाग. तिथे इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी चार-पाच हजारांची स्टिक मागे खोचली की तोच टीव्ही पुन्हा कामाला लागतो. ठिपक्यांची ही शर्यत आपोआप थांबेल असंही समजू नका. जपानच्या एनएचकेने १ डिसेंबर २०१८ पासून एट-केचं प्रक्षेपण सुरू केलंय, म्हणजे सव्वातीन कोटी ठिपके. पुढची दिवाळी नाही तर त्याच्या पुढची, बी विंगमध्ये फोटो येणारच.

आम्ही काय केलं ते सांगते. रोजच्या तीन वाहिन्या एचडीत घेतल्या, बाल्कनीला जाड पडदा लावला, टीव्हीचा चित्र-मोड ‘व्हिव्हिड’वरून ‘सिनेमा’वर नेला आणि सासूबाईंसाठी साउंडबार आणला. ग्रुपवर मी एवढंच विचारलं : प्रत्येकाने टेप लावून सोफा ते टीव्ही अंतर कळवावं, सोबत इंच लिहावेत. सात अंगठे आले. माप एकट्या बी विंगमधल्या काकांनी पाठवलं : टीव्ही ५५ इंची फोर-के, सोफा साडेअकरा फुटांवर. हिशेब केला. त्या अंतरावरून फुल एचडीचेच अंशाला ९६ ठिपके भरतात, डोळ्याच्या मर्यादेहून दोन जास्त. टीव्ही तर भिंतीवर लागून महिना झाला होता. मी काकांना कळवलं, सोफा तीन फूट पुढे घ्या.